दोन नंबरची थाप

उतर. आधी त्या कठड्यावरून खाली उतर, मग दात काढ. आणि तू रे बारक्या, मागून येऊन खांद्यावर अशी थाप मारतोस? चार मजले खाली सिमेंटचा रस्ता आहे. म्हणे गंमत केली! तुझी गंमत आणि आमचा जीव जायची वेळ.

बसा इथे, टाकीच्या अंगाला. वीज काही एवढ्यात येत नाही. मघाशी फोन केला तर म्हणाले काम चालू आहे. म्हणजे झोपा. मोबाईल खिशात ठेवा. भाचेबुवा, तुम्हाला वेगळं निमंत्रण देऊ का? हां. आता कसं.

मी तुम्हाला दोन नंबरची गोष्ट सांगतो. गोष्ट म्हणजे घडलेली. अर्धी माझ्या डोळ्यांदेखत घडली, उरलेली अर्धी ज्याच्यावर गुदरली त्याने स्वतः मला सांगितली, आणि सांगताना त्याला खोटं बोलून काही मिळायचं नव्हतं. पटत नसेल तर जिना तिकडे आहे. पण उतरायचं एकट्याने.

दोन नंबर माझा दोस्त. त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. नव्या माणसाला वाटायचं, याचा काहीतरी काळा धंदा असणार. धंदा कसला डोंबलाचा! बाजाराच्या मागे तळमजल्यावर एक गाळा, त्यात शिलाई मशीन, आणि दिवसभर ताडपत्र्या शिवायच्या. ट्रकच्या, टेम्पोच्या, दुकानांच्या. माझ्या टेम्पोचीही त्यानेच शिवली. टेम्पोच्या मागच्या फळीवर मी हौसेने रंगवून घेतलं होतं, 'अति घाई, संकटात नेई'. याने ताडपत्री शिवली ती मागे हातभर लांब. सगळी अक्षरं झाकली गेली. मी म्हटलं, "अरे बाबा, माप चुकलं तुझं." तर म्हणाला, "माप बरोबर आहे. मला ती अक्षरं बघवत नाहीत." मी म्हटलं, असेल एखाद्याचं डोकं फिरलेलं. तसा तो सरळ माणूस होता, पण वरच्या मजल्यावर कधी जायचा नाही. वरचं काम आलं की कामगाराला पाठवायचा.

तरुणपणी तो फौजेत होता. छत्री बांधून विमानातून उड्या मारणारे असतात ना, त्यांच्यात. तुकडीतले दहा जण विमानाच्या दाराशी रांगेत उभे राहायचे. पहिला त्यांचा कप्तान, त्याच्या पाठीमागे हा. म्हणून दोन नंबर.

आता हे नीट ऐका, पुढे लागणार आहे. विमानात छताखालून एक जाड तार गेलेली असते. प्रत्येकाच्या पाठीवर छत्री, छत्रीला लांब पट्टा, पट्ट्याच्या टोकाला पोलादी कडी. कडी तारेत अडकवायची आणि सुटू नये म्हणून तिच्यात पिन घालायची. माणूस बाहेर पडला की पट्टा ताणतो, छत्रीचा दोरा तुटतो आणि छत्री उघडते. माणूस खाली जातो. कडी आणि पट्टा विमानातच राहतात. कळलं? कडी कधी खाली येत नाही.

उडीच्या आधी प्रत्येकाने पुढच्याची कडी तपासायची आणि मागून ओरडत यायचं, "दहा बरोबर! नऊ बरोबर!" असं दोनपर्यंत. मग दार. दारातला पहिला माणूस बाहेर वाकून जमीन शोधत असतो, म्हणून आतला दिवा त्याला दिसत नाही. दिवा दोन नंबरने बघायचा. लाल म्हणजे थांब. हिरवा झाला की पहिल्याच्या खांद्यावर थाप मारायची. थाप पडली की पहिल्याने जायचं. विचारायचं नाही, वळून बघायचं नाही. आवाजच इतका की विचारून तरी काय ऐकू येणार? सगळा भरवसा त्या एका थापेवर.

तो कप्तान म्हणजे बेकरीवाल्याचा मुलगा. बुटका, रुंद, मनगटं अशी की पहाटे उठून पीठ मळल्याची खूण मरेपर्यंत गेली नाही. जातीचा संथ माणूस. जेवायला बसला की पंगत उठायची, हा आपला चावतोय. लोकांचं असतं उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, आणि हा स्वतःच्या लग्नाला उशिरा पोचला. का, तर गाडीच्या चाकांचे नट वाटेत उतरून एकेक तपासत होता! बायकोकडच्यांनी जे काही सुनावलं, त्यावर याचं एकच वाक्य. "घाई कशाला? जमीन कुठे पळून जात नाही." तेच वाक्य तो पोरांनाही ऐकवायचा. प्रत्येकाची पिन स्वतः बघायचा आणि अंगठ्याने तिचं टोक वर वाकवायचा. खाली वाकवली तर धक्क्याने सरकते, म्हणायचा. लोखंडी पिन रे, नुसत्या अंगठ्याने! पोरं त्याला मागे पिनसाहेब म्हणायची. शिव्याही घालायची, आणि त्याच्यावर जीवही टाकायची.

मग युद्ध लागलं. एका रात्री यांना नदीवरचा पूल धरायला पाठवलं. आणि हा कप्तान, हा जगातला सगळ्यात संथ माणूस, दिवा हिरवा व्हायच्या आधीच उडी मारून मोकळा झाला.

एकटा. विमान तेव्हा पुलावर नव्हतंच, शत्रूच्या तोफांवर होतं. छत्री उघडून हा खाली येतोय आणि खालून शंभर बंदुका वर रोखलेल्या. पाय हवेतच फुटले. तोफांच्या मधोमध पडला. पडल्या पडल्या त्याने पिस्तूल रिकामं केलं, मग चाकू चालवला, मग चाकूही गेला तेव्हा हातांनी आणि दातांनी. बाकीचे पुढे पुलाजवळ बरोबर उतरले. पूल घेतला, सकाळी तोफांची जागाही घेतली. तिथे कप्तान सापडला. त्याच्याच छत्रीच्या दोऱ्यांनी त्याला तोफेच्या चाकाला आवळून बांधलं होतं. दोऱ्या मनगटांत हाडापर्यंत रुतलेल्या. जबडा बंदुकीच्या दस्त्याने फोडलेला, तो छातीवर लोंबत होता. छातीत आणि पोटात संगिनी किती वेळा खुपसल्या त्याला हिशेब नाही. आणि भोवती त्याने मारलेले सातजण. एकाचा गळा दातांनी फाडलेला.

त्या दोऱ्या कापायचं काम दोन नंबरवर आलं. कापून झाल्यावर वरच्या साहेबाने विचारलं, "हा आधी कसा काय गेला?" दोन नंबर म्हणाला, "साहेबांनी घाई केली."

झालं. तेच कागदावर चढलं, तेच घरी कळलं. शौर्याचं पदक मिळायचं ते राहिलं. उतावळेपणामुळे स्वतः मेला, एवढीच त्याची कीर्ती.

हे मला दोन नंबरने एकदाच सांगितलं होतं, दोन पेले पोटात गेल्यावर. मीही म्हटलं, असतं नशीब एकेकाचं.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या वर्षीची गोष्ट. नोव्हेंबरमधला पहिला शनिवार. त्याच्या गाळ्यावर एक काम आलं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीला ताडपत्रीचा पडदा लावायचा होता, उन्हाला आडोसा म्हणून. वर एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जाड तार ओढायची आणि पडद्याच्या कड्या तिच्यावरून सरकवायच्या. कामगार तापाने फणफणलेला, आगाऊ रक्कम घेऊन बसलेला हा. नाइलाजाने म्हणाला, "तू चल माझ्याबरोबर. गुंडाळी वर चढवायला हात लाव." मी टेम्पो काढला.

जिना चढताना त्याने भिंत सोडली नाही. मी चेष्टा केली, "काय हो छत्रीवाले, विमानातून उड्या मारायचात ना?" तो हसला नाही.

दार एका बाईंनी उघडलं. पन्नाशीच्या आसपास, केस आवळून बांधलेले, बोलणं तोंडावर. "पाच वाजता येणार होतात," म्हणाल्या. "लोकांना घाई कधी करावी आणि कधी करू नये तेच कळत नाही." आत त्यांचा मुलगा होता. बुटका आणि रुंद. फौजेत भरती झाला होता, दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने शिकायला निघणार होता. त्याची बॅग दाराशी भरून ठेवलेली.

आम्ही कामाला लागलो. कठडा मांडीएवढाच, खाली रस्ता. दोन नंबर बाहेर बघतच नव्हता, पाठ रस्त्याकडे करून सगळं काम. तार ओढून झाली. पडदा चढवायचा, तर वीज गेली, ड्रिल बंद. मेणबत्ती आणायला बाई आतल्या खोलीत गेल्या आणि येताना म्हणाल्या, "जरा हात लावता का, ही पेटी वाटेत येतेय."

मी मेणबत्ती धरली. हा पेटीला हात लावायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. पेटीवर पांढऱ्या रंगात त्यांच्या तुकडीची खूण होती. खाली कप्तानाचं नाव.

बाईंनी त्याच्याकडे बघितलं.  "ओळखता तुम्ही ही खूण?"

"मी... त्यांच्या रांगेत होतो."

"कितवे?"

तो पेटीवरची धूळ पुसू लागला. मलाच राहवलं नाही, मी म्हटलं, "दोन नंबर." जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

बाई खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "मग तुम्हाला माहीत असेल. मला खरं सांगा. ज्या माणसाला बुटाची नाडी बांधायला अर्धा तास लागायचा, त्याला माझ्यापासून जायची एवढी घाई कशाची झाली होती? हा पोटात होता माझ्या. मी त्यांचा एक फोटो लावला नाही घरात. राग येतो मला. अजून येतो."

मुलगा दारात उभा होता. तो म्हणाला, "काका, शाळेत मला उतावळ्याचं पोर म्हणायचे. उद्या तिथेही कुणीतरी विचारणारच. मी काय सांगू? बाबांनी खरंच घाई केली?"

मेणबत्ती माझ्या हातात होती म्हणून मला त्याचं तोंड दिसलं. तोंडाला घाम सुटला होता. एकदा त्याने ओठ उघडले, मिटले. वाटलं, हा काहीतरी वेगळंच बोलणार. मग म्हणाला, "हो बाळा. घाई केली."

मुलाने मान खाली घातली. बाई उठल्या, चहा टाकायला गेल्या. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

वीज आली नाही. बाई म्हणाल्या, रात्र इथेच काढा, सकाळी पडदा चढवून जा, आणि निघण्याआधी पोराला चार धीराचे शब्द सांगा. नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं. बाल्कनीच्या खोलीत त्याचं अंथरूण घातलं. मी खाली टेम्पोत आलो. मला परक्या घरात झोप येत नाही, टेम्पोत कशी छान लागते.

आता पुढचं त्याने मला सांगितलेलं.

तो पडला होता, डोळे उघडे. आणि त्याला ते विमान आठवत होतं. खरं काय झालं होतं ते. रांग उभी होती, लाल दिवा, कप्तान दारात वाकलेला. खालून तोफा सुरू झाल्या. विमानाचा तळ पत्र्यासारखा फाटला. पाच नंबरच्या गळ्यातून गोळा आरपार गेला आणि त्याचं रक्त पुढच्या तिघांच्या मानेवरून वाहत आलं. गरम. पाच नंबर पडेना, गर्दीत उभाच राहिला, घशातून घुरघुर करत. पत्रा फाडून दुसरा गोळा आला. दोन नंबरला एकच दिसत होतं, ते दार. त्याला बाहेर जायचं होतं. बस्. कसंही. आणि दारात कप्तान उभा होता, दोन्ही हात चौकटीला लावून, शांत, जमीन शोधत.

दिवा लाल होता.

याने थाप मारली.

कप्तानाने विचारलं नाही. वळून बघितलं नाही. गेला. आणि दार मोकळं झालं तेव्हा याचे पाय गोठले. दिवा हिरवा झाला तेव्हा मागच्यांनी ढकलून याला बाहेर काढलं.

आपल्या भाषेत थाप दोन प्रकारची. एक हाताने मारायची, एक तोंडाने. याने रात्री एक आणि सकाळी दुसरी, अशा दोन्ही मारल्या होत्या. आणि तोंडाची आज संध्याकाळी पुन्हा मारली, बापाच्या पेटीवर हात ठेवून, त्याच्या पोरासमोर.

केव्हातरी डोळा लागला. जाग आली ती फरशीमुळे.

फरशी थरथरत होती. बारीक, एकसारखी. दातांत जाणवेल इतकी.

बाल्कनीचं दार बंद करून तो झोपला होता. दार उघडं होतं. वारा आत येत होता, जोराचा. खाली मी टेम्पोत होतो, मी सांगतो, त्या रात्री पान हलत नव्हतं.

दारात कुणीतरी उभं होतं.

पाठमोरं.

बुटकं. रुंद. दोन्ही हात चौकटीला.

पाठीवर ओझं. ओझ्यातून पट्टा खाली लोंबत होता. पट्ट्याची कडी तारेत नव्हती... त्याच्या उजव्या हातात होती.

तो उठून उभा राहिला. का उठला त्याला माहीत नाही. पायच उठले, म्हणाला.

मग मागून आवाज आला. खोलीच्या भिंतीतून, लांबून.

"दहा बरोबर."

"नऊ बरोबर."

"आठ बरोबर."

एकेक आवाज ओळखीचा. एकेक जवळ. सात... सहा...

"पा..."

पुढे नुसती घुरघुर. ओली.

"चार बरोबर."

"तीन बरोबर." हा कानाशी. मानेवरून काहीतरी गरम ओघळलं. त्याने हात लावून बघितलं नाही.

मग सगळं गप्प.

आता याची पाळी होती.

खोलीत दिवा नव्हता, वीज नव्हती. तरी उजेड होता. लाल. भिंती लाल, अंथरूण लाल, हात लाल. समोरच्या पाठीवर छिद्रं दिसत होती. त्यांतून पलीकडचा रस्ता...

पाठ थांबली होती. वाट बघत होती.

फार वेळ.

"साहेब..." हा म्हणाला.

काही नाही.

"साहेब, थांबा. दिवा... लाल आहे."

जे तेव्हा करायचं होतं ते त्याने आता केलं. हात खाली ठेवला. "लाल आहे साहेब. जाऊ नका."

तेव्हा ते वळलं.

बघण्यासारखं तोंड नव्हतं. जबडा छातीवर. मनगटांना दोऱ्या, मांसात रुतलेल्या. डोळे मात्र होते. डोळ्यांत राग नव्हता, म्हणाला. राग असता तर बरं झालं असतं. तपासत होते ते डोळे. पट्टा, खांदे, बूट. उडीच्या आधी तपासायचा तसेच.

मग कप्तान बाजूला झाला. दार मोकळं केलं.

हा पुढे गेला. दारातून बाहेर. कठड्यावर चढला. बाल्कनीत पाठ रस्त्याकडे करून काम करणारा माणूस... आता तोंड रस्त्याकडे. कप्तान मागे.

खट्.

डोक्यावरच्या तारेत कडी बसली.

पिन सरकली. अंगठ्याने दाबल्याचा आवाज... कर्रर.

कानाशी थंड श्वास. आणि त्या फुटक्या जबड्यातून शब्द.

"घाई... कशाला. जमीन... कुठे पळून... जात नाही."

वाट बघत राहिले दोघं. लाल उजेडात. कप्तानाने घाई केली नाही, हां. जराही नाही.

मग उजेड हिरवा झाला.

आणि खांद्यावर...

...

काय रे, दचकलात? कुत्रं आहे खाली. बसा.

मी जागा झालो तो आवाजाने. ओली गोणी आपटावी तसा आवाज, टेम्पोच्या पुढ्यातच. दिवे लावले तर समोर दोन नंबर. पाय जुळवून, गुडघे वाकवून उतरला होता, शिकवलेलं असतं तसं. पण छत्री कुठे होती? दोन्ही नडग्यांची हाडं कापड फाडून बाहेर आलेली. कमरेपासून खाली सगळा चेंदामेंदा. तोंडातून रक्ताचे बुडबुडे. आणि जिवंत. बोलत होता.

मी बोंब मारली. बाई आणि मुलगा धावत उतरले. मुलगा फोन लावतोय, मी त्याचं डोकं मांडीवर घेतलेलं. आत्ता तुम्हाला सांगितलं ते सगळं तो सांगत होता, तुटक तुटक, जमेल तसं. मुलाला आधी काही उमजेना. तेव्हा दोन नंबरने त्याचा हात धरला.

"थाप... मी मारली."

मुलगा म्हणाला, "संध्याकाळी खोटं बोललात ना? कळलं मला. असू दे काका, बोलू नका."

"दोन्ही," तो म्हणाला. "तोंडाचीही... खांद्यावरचीही. दिवा लाल होता. साहेब... थांबले होते. त्यांनी घाई... नाही केली."

पोराच्या लक्षात आलं. आणि मग त्याने काय करावं? मरणाऱ्या माणसाची कॉलर दोन्ही मुठींत धरली आणि त्याला गदगदा हलवला. डोकं माझ्या मांडीवरून सुटून रस्त्यावर आपटलं, पुन्हा आपटलं. "माझं आख्खं आयुष्य!" ओरडत होता. "माझ्या आईचं आख्खं आयुष्य!" मी त्याच्या कानफटात दिली तेव्हा कुठे मुठी सुटल्या. तोवर दोन नंबर गेला होता. त्या हिसक्यांनी गेला की आधीच गेला होता, मला विचारू नका. मी पोलिसांनाही सांगितलं नाही.

बाई रस्त्यावरच बसल्या होत्या, रक्ताच्या बाजूला. त्यांना आमचं भान नव्हतं. "नाही केली घाई," म्हणत होत्या. "वेड्या, मग मला सांगायचं नाही का? मी इतकी वर्षं रागावून बसले ना तुझ्यावर." आणि अशा रडल्या... मी माणूस एवढं रडताना पाहिलेलं नाही.

म्हणणारे म्हणतात, त्याचं मन त्याला खात होतं, झोपेत उठला आणि गेला. म्हणू देत. मलाही तसंच म्हणायला आवडलं असतं.

मुलगा त्या दिवशी गेला नाही. दुसऱ्या दिवशी गेला, बापाचे बूट घालून. त्याआधी बाईंनी पेटी उघडून फोटो काढला आणि भिंतीवर लावला. खिळा मीच ठोकला.

पण त्याच्याही आधीचं सांगायचं राहिलं. उजाडल्यावर मी पोलिसाबरोबर वर गेलो. बाल्कनीत आमची तार होती, काल ओढलेली, मोकळी. पडदा खाली गुंडाळून पडलेला, त्याच्या पितळी कड्या मी मोजून पिशवीत ठेवल्या होत्या, त्या पिशवीतच. आणि तारेत एक कडी अडकवलेली होती. पोलादी, जाड, जळकट, हाताच्या तळव्याएवढी. तिला लांब पट्टा, कठड्यावरून बाहेर सोडलेला, खाली दुसऱ्या मजल्यापर्यंत. पट्टा ताणून सरळ झालेला, टोकाचा दोरा तुटलेला.

पोलिसाने विचारलं, "हे काय?"

बाईंनी बघितलं. म्हणाल्या, "पडद्याचं आहे."

तो गेल्यावर मी जवळ जाऊन बघितलं. कडीत पिन होती. अर्ध्या बोटाएवढी जाड लोखंडी पिन. पक्कड घेऊन मी ती सरळ करायला गेलो, मला जमली नाही.

टोक वर वाकवलेलं होतं.